लावायचं, पण कशाप्रमाणे?

यादी क्रमाने लावणं हे संगणकाचं जुनं आणि अगदी बिनबोभाट काम. दहा लाख नावं त्याच्यापुढे ओता, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत ती शिस्तीत उभी असतात. ही शिस्त काही आपोआप आलेली नाही. डोनाल्ड कनूथ यांनी १९७३ साली सातशेवर पानांचा एक ग्रंथ काढला, तो दोनच विषयांवर: वस्तू क्रमाने लावणं आणि लावलेल्यांतून हवी ती शोधणं. १९६०च्या दशकात संगणक बनवणाऱ्यांचा अंदाज असा होता, की त्यांच्या यंत्रांचा पाव भाग वेळ निव्वळ लावालावीत जातो, अशी नोंदही त्यात आहे. एकीकडे माणूस चंद्रावर न्यायची तयारी चालली होती आणि दुसरीकडे यंत्रं पाव दिवस कुठली ना कुठली यादी वर-खाली करत बसली होती.

तर 'कसं लावायचं' या प्रश्नावर मोठमोठ्या डोक्यांनी वर्षं घालवली आणि तो सोडवून ठेवला. 'कशाप्रमाणे लावायचं' हा मात्र तुमच्या-माझ्यासाठी तसाच शिल्लक ठेवला. नावं नावांप्रमाणे, रकमा रकमांप्रमाणे, इथवर काही अडत नाही. गंमत सुरू होते ती एक यादी भलत्याच यादीतल्या आकड्यांप्रमाणे लावायची वेळ आली की. ग्राहक लावायचे, पण त्यांनी केलेल्या खरेदीप्रमाणे. गाणी लावायची, पण ती कितीदा ऐकली त्याप्रमाणे. प्रोग्रॅम लिहून पोट भरणाऱ्याला हे काम रोजचं. त्याचं तंत्र आम्हाला येतं. त्यातली माणसं येत नाहीत, हे मला आमच्या वाचनालयाने शिकवलं.

वाचनालय शासनमान्य, 'ब' वर्गाचं. महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान त्या वर्गाप्रमाणे मिळतं, म्हणजे खुद्द वाचनालयंही कशाप्रमाणे तरी लावलेलीच असतात. त्यामुळे असेल, पण कार्यकारी मंडळाच्या सभेत अध्यक्षांना वाटलं, की सभासदांचीही एक यादी असावी. 'वाचनाप्रमाणे.' जास्त वाचणारे वर, कमी वाचणारे खाली. फलकावर लावू, वाचनसंस्कृतीला चालना मिळेल. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कार्यवाह माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं ते कॉम्प्युटरचंच आहे ना? मग काय, बटण दाबायचं फक्त."

बटण कुठलं, एवढंच त्यांनी सांगितलं नाही.

वाचनालयात दोन नोंदी असतात. एक सभासदांची: नाव, पत्ता, फोन, अनामत, वर्गणी कधीपर्यंत भरली. दुसरी देवघेवीची: कुणी, कुठलं पुस्तक, कधी नेलं, कधी आणून दिलं. सभासदाची नोंद कितीही उलटसुलट वाचली तरी त्यात त्याच्या वाचनाचा मागमूस नाही. लावायचे आहेत सभासद, आणि त्यांना वर-खाली करायचं कारण पडून आहे दुसऱ्याच वहीत. एडगर कॉड यांनी १९७०च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात माहिती टेबलांमध्ये कशी मांडावी ते सांगितलं, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट केली होती: टेबलातल्या ओळींच्या क्रमाला काही अर्थ नसतो. पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे टेबलाला ठाऊक नाही. ते बघणाऱ्याने मागावं लागतं. मंडळाने मागितलं होतं, पण अर्धंच.

दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवून लावायच्या म्हटलं, की पहिला खड्डा अगदी दारातच असतो. एक्सेल वापरणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला आहे. एका रकान्यात नावं, शेजारी आकडे. आपण फक्त आकड्यांचा रकाना निवडतो आणि 'लाव' म्हणतो. एक्सेल अदबीने विचारतं, की शेजारचे रकानेही सोबत न्यायचे का? घाईत 'नको' म्हटलं, की आकडे सुरेख चढत्या क्रमाने लागतात आणि नावं आपापल्या जागी तशीच राहतात. कुणाची अनामत कुणाच्या नावावर, कुणाचा फोन कुणाच्या घरी. कुठे लाल रेघ उमटत नाही, घंटा वाजत नाही. उलट यादी पूर्वीपेक्षा नीटनेटकी दिसते. पूर्ण चुकलेल्या यादीइतकी टापटीप दुसऱ्या कशात नसते.

यावर एका माणसाने फार देखणा उपाय काढला होता. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल या भाषेत उभ्या रेघेने छेदलेला एक त्रिकोण आहे. तो आकड्यांच्या यादीपुढे लिहिला, की यादी जागची हलत नाही. तो फक्त कानात सांगतो: अमक्या जागेवरच्याला पहिला घ्या, तमक्या जागेवरच्याला दुसरा. हा निरोप मग कुठल्याही दुसऱ्या यादीला द्या, तीही त्याच क्रमाने उभी राहते. चार-पाच चिन्हांत काम खलास. हलवाहलवीच्या आधी हलवायचं कसं ते ठरवून घ्यावं, ही शिस्त बदल्या करणाऱ्या खात्यांनीही घ्यायला हरकत नाही.

एपीएल आता फार थोड्यांना येते. बाकीच्या आम्हा लोकांची पहिली उडी भाबडी असते. लावालावी म्हणजे दोघा-दोघांची तुलना. जोशी आणि साठे समोर आले, की देवघेवीच्या वहीत जाऊन जोशींची पुस्तकं मोजायची, मग साठ्यांची, आणि ठरवायचं. पुढच्या खेपेला जोशींची गाठ पवारांशी पडली, की पुन्हा वहीत जाऊन जोशींची पुस्तकं मोजायची. हजार सभासद लावायला नऊ-दहा हजार तुलना सहज होतात. म्हणजे एकट्या जोशींची चौकशी वीसेक वेळा, आणि उत्तर दर वेळी तेच. सरकारी कार्यालयात रहिवासाचा दाखला मागतात तसं.

शहाणपणाची रीत अशी, की प्रत्येकाची चौकशी एकदाच करावी, आकडा चिठ्ठीवर लिहून नावाला टाचावा, चिठ्ठ्यांप्रमाणे नावं लावावीत आणि शेवटी चिठ्ठ्या काढून टाकाव्यात. लिस्प भाषेची मंडळी हे पूर्वीपासून करत. रँडल श्वार्ट्झ यांनी १९९४ साली पर्लमध्ये तेच एका दमात लिहून दाखवलं आणि लोकांनी त्याला त्यांचंच नाव देऊन टाकलं. पायथनने २००४ साली ही सोय भाषेतच बसवली, आता चिठ्ठी टाचल्याचं कळतही नाही. पण माझ्या मते त्यातली शेवटची पायरी सगळ्यात सभ्य आहे. काम झालं की चिठ्ठी काढून टाकायची. माणसांच्या जगात ती बहुतेक वेळा काढायची राहून जाते. दहावीच्या गुणांची चिठ्ठी पन्नाशीतही डोक्यावर घेऊन फिरणारे मी पाहिले आहेत.

एका यादीसाठी दुसरी लावायची, हा काही आडवाटेचा प्रकार नाही, हेही सांगायला हवं. टोनी होअर हे इंग्रज तरुण १९५९ साली मॉस्कोच्या विद्यापीठात होते. रशियन वाक्यांचं यंत्राकडून इंग्रजी करून घ्यायचा विचार चालला होता. शब्दकोश चुंबकीय फितीवर होता, आणि फीत ही या टोकाकडून त्या टोकाकडे जाणारी वस्तू. वाक्यातले शब्द जसे आले तसे शोधायचे तर फीत दिवसभर पुढे-मागे पळत राहणार. तेव्हा आधी वाक्यातले शब्दच कोशाच्या क्रमाने लावून घ्यावेत, म्हणजे एका फेरीत सगळे सापडतील. ते भराभर कसे लावावेत याचा विचार करताना होअर यांना जी युक्ती सुचली, तीच 'क्विकसॉर्ट'. १९६१ साली ती छापून आली आणि आजही जगभर तिच्यावर याद्या लागतात. म्हणजे लावालावीतली ही सगळ्यात नावाजलेली पद्धत जन्माला आली तीच मुळी एका यादीचं दुसरीशी जमावं म्हणून.

तंत्राचं हे असं सगळं तयार होतं. मी बटण दाबायला बसलो आणि यंत्राने पहिला प्रश्न विचारला. एका सभासदाच्या नावावर देवघेवीच्या शंभर नोंदी आहेत, त्यांतली कुठली धरू?

हा प्रश्न मंडळापुढे ठेवला. "संख्या धरा, सोपं आहे," खजिनदार म्हणाले. संख्या धरली. पहिल्या क्रमांकावर एक काकू आल्या. त्या दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज एक अंक बदलतात. "अंक म्हणजे काय पुस्तक नव्हे," अध्यक्ष म्हणाले. मग पानं मोजा असं ठरलं. पानांची बेरीज केली तर ज्यांनी महाभारताचे खंड ओळीने नेले ते गृहस्थ वर गेले. ते खंड त्यांनी कशासाठी नेले होते हे ग्रंथपाल बाईंनी हळूच सांगितलं: "नातवाला टेबलाशी बसवायला खुर्ची बुटकी पडते हो." सरासरी काढली, तर आयुष्यात एकदाच एक जाडी कादंबरी नेलेले सभासद सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसले. शेवटी कुणीतरी म्हणालं, "जुनं कशाला उकरता? शेवटचं पुस्तक कधी नेलं ते बघा. जो अलीकडे आला तो खरा वाचक."

बेरीज, सरासरी, कमाल, किमान. डेटाबेसला ही चार-पाच कामं चांगली येतात आणि चारही वेळा यादी वेगळी लागते. माणसं तीच, नोंदी त्याच. शंभर नोंदींचा एक आकडा करायचा म्हणजे नव्याण्णव गोष्टी विसरायच्या, आणि कुठल्या विसरायच्या हे यंत्र आपल्याला विचारतं. आपण मात्र एकमेकांना न विचारताच विसरतो. अमका मोठा वाचक, तमका कधी पुस्तकाला हात लावत नाही, अशी प्रमाणपत्रं आपण रोज वाटतो. ती देताना बेरीज केली होती की फक्त शेवटची भेट धरली होती, हे कुणी पुसत नाही.

शेवटच्या तारखेप्रमाणे यादी छापली, तेव्हा खजिनदारांनी नावं मोजली आणि ती कमी भरली. वर्गणी भरणारे काही सभासद यादीतून नाहीसे झाले होते. कारण साधं होतं. दोन टेबलं जोडण्याची जी सरळ पद्धत असते, इनर जॉइन, ती दोन्हीकडे जोड सापडेल तेवढ्यांनाच धरते. ज्याने कधी पुस्तकच नेलं नाही, त्याची देवघेवीत जोड नाही, म्हणून तो सभासदही नाही. खजिनदारांना हे पटेना. "पैसे भरतात ना ते? मग आहेत." हिशेबाच्या माणसाचं अस्तित्वाविषयीचं मत नेहमीच स्वच्छ असतं. तेव्हा लेफ्ट जॉइन लावला. त्यात डावीकडचे सगळे राहतात आणि ज्यांची जोड नाही त्यांच्यापुढची जागा रिकामी सुटते.

आता या रिकाम्या जागेला कुठे उभं करायचं? ती शून्य नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामी म्हणजे मोजायलाच काही नव्हतं. यावर शहाण्यांचंही एकमत नाही. मायएसक्यूएल रिकाम्याला सगळ्यांत लहान धरतं, तर पोस्टग्रेस आणि ओरॅकल सगळ्यांत मोठं धरतात. वाचनालयाच्या संगणकावर होतं पोस्टग्रेस. नवी तारीख वर, जुनी खाली, असा उतरता क्रम लावल्याबरोबर ज्यांनी कधीच पुस्तक नेलं नव्हतं ते सगळे मानाने सर्वांत वर येऊन बसले. आणि त्यांत अगदी पहिलं नाव होतं अध्यक्षांचं.

सभेत क्षणभर कुणी बोललं नाही. मग कार्यवाहांनी प्रसंग सावरला. "बघा," ते म्हणाले, "यंत्रालासुद्धा कळतं." अध्यक्षांनी हे विनयाने मान्य केलं. रिकाम्यांना शेवटी ठेवायची एक लहानशी सूचना असते, ती त्या दिवशी तरी मी दिली नाही. काही दुरुस्त्या सभा संपल्यावर कराव्यात.

राहिला प्रश्न बरोबरीचा. एकाच दिवशी पुस्तक नेलेल्या दोघांत पुढे कोण? चांगल्या लावालावीचा रिवाज असा, की बरोबरीच्यांना त्यांच्या मूळ क्रमातच राहू द्यावं, उगाच हलवू नये. टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी लिहिलेली पद्धत हे पाळते. शिवाय यादीत आधीपासून नीट लागलेले तुकडे ती ओळखते आणि त्यांना धक्का लावत नाही. घरात नवी सून किंवा कचेरीत नवा साहेब आल्यावर हे सहसा होत नाही. जावास्क्रिप्टमध्ये हा रिवाज २०१९च्या प्रमाणापर्यंत सक्तीचा नव्हता. क्रोमच्या जुन्या इंजिनात दहापर्यंत नावं असतील तर बरोबरीच्यांचा क्रम टिकायचा. अकरावा आला, की भरवसा नाही. प्रोग्रॅम तपासताना लोक चार-पाच नावंच घालून बघतात, तेव्हा हा विक्षिप्तपणा सापडायचा तो गिऱ्हाइकालाच.

"बरोबरीत आडनावाप्रमाणे लावा, म्हणजे वाद नको," कार्यवाह म्हणाले. वाद तिथेच होता. यंत्राकडे अक्षरं नसतात, अक्षरांचे क्रमांक असतात, आणि ते युनिकोडच्या तक्त्यातून येतात. तो तक्ता सगळ्या देवनागरीसाठी एकच. त्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे. आपल्या शाळेत मात्र तो ह च्या पुढे उभा असायचा. क्ष ला तर तिथे स्वतंत्र घरच नाही. तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांचा. म्हणून नुसत्या क्रमांकांवर विसंबलं, तर क्षीरसागर कोल्हटकरांच्या मागे आणि खऱ्यांच्या पुढे येतात. शाळाभर हजेरीत शेवटी बसलेल्या क्षीरसागरांना ही बढती वाटेल, पण मराठी माणसाला यादी चुकलेली दिसते. मराठीचे नियम वेगळे सांगावे लागतात, तेव्हा ते आपल्या जागी जातात. म्हणजे ज्याला आपण सगळ्यात निष्पक्ष समजतो, तो अकारविल्हे क्रमही नावांच्या आत नसतोच. तोही दुसऱ्या एका यादीतून उसना आणलेला, फक्त ती यादी आपण बालवाडीत पाठ केली आणि विसरून गेलो.

इतक्या चर्चेनंतर मंडळाने ठराव केला, की विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवावा. माझी सुटका झाली असं वाटलं, तेवढ्यात ग्रंथपाल बाईंनी बोलावलं. "अहो, एवढं सगळं येतं तर मला एक यादी काढून द्या. ज्यांनी मुदत उलटून पुस्तकं ठेवलीत ते सभासद. पण ठेवलेल्या दिवसांप्रमाणे नको."

"मग कशाप्रमाणे?"

"त्यांच्याकडच्या पुस्तकांना मागणी वहीत किती जण थांबलेत, त्याप्रमाणे. ज्याच्यापायी जास्त लोक अडलेत त्याचं नाव वर. मी वरून फोन करत येते."

मी बघतच राहिलो. सभासदापासून देवघेव, देवघेवीपासून पुस्तक, पुस्तकापासून मागणी वही. तीन उंबरे ओलांडून पलीकडचा आकडा आणायचा आणि त्याप्रमाणे अलीकडची माणसं लावायची. आणि तरीही बाईंना एकाही प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं नाही. कुठली नोंद धरायची? न परतलेल्या सगळ्या, आणि थांबलेल्यांची बेरीज. ज्यांच्याकडे पुस्तकच थकलेलं नाही त्यांचं काय? ते यादीत नकोतच, त्यांना फोन कशाला करायचा? म्हणजे इनर जॉइन, जो खजिनदारांना चालत नव्हता. बरोबरी झाली तर? "ज्याचा फोन लागतो तो आधी."

मंडळाला जे सभा घेऊन जमलं नाही ते बाईंना उभ्या-उभ्या जमलं, कारण त्यांना यादीने काहीतरी करायचं होतं. मंडळाला ती नुसती लावून बघायची होती. ज्या यादीवरून पुढे काही व्हायचं नाही, तिला कुठलाही क्रम चालतो आणि म्हणून कुठलाच पुरत नाही. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. 'कशाप्रमाणे' या प्रश्नाचं त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं, वाचकाप्रमाणे, आणि बाई ते ग्रंथपालनाच्या अभ्यासक्रमात शिकल्या होत्या. मला वाटायचं ते परीक्षेपुरतं असतं.

यादी छापली. या यादीत अध्यक्ष कुठेच नव्हते. पुस्तकच न नेणारा माणूस कुणाला अडवत नाही, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा मला पहिल्यांदाच लक्षात आला. पहिल्या क्रमांकावर होते कार्यवाह. त्यांच्याकडच्या पुस्तकांसाठी निम्मी मागणी वही खोळंबली होती. बाईंनी फोन केला नाही, कागद त्यांच्या टेबलावर ठेवला फक्त. दुसऱ्या दिवशी सगळी पुस्तकं पिशवीतून परत आली, कव्हरांसकट कोरी करकरीत. ती त्यांनी वाचली होती का, असं मी बाईंना विचारलं.

"देवघेवीत नेलेलं लिहितात आणि आणलेलं लिहितात," बाई शिक्का मारता-मारता म्हणाल्या. "वाचलेलं लिहायचा रकानाच नाही. तुमच्या मंडळाला सांगा हे पुढच्या सभेत."